मुक्या रोग्याचा गुडघा

इतिहासाच्या व्याख्यानाला कुत्र्याचा गुडघा हा विषय असल्याचे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. राज्ये, लढाया, तहनामे ह्यांच्या पंक्तीला हा मुका प्राणी लंगडत येऊन बसला, तर त्याला हुसकावून लावावे असेच कोणालाही वाटेल. परंतु वैद्यकाच्या इतिहासात असा एक प्रश्न आहे की तो ह्या प्राण्याच्या मागच्या पायापाशी जितका स्पष्ट दिसतो तितका राजेरजवाड्यांच्या आजारातही दिसत नाही. प्रश्न साधा आहे. ज्या रोग्याला बोलता येत नाही तो बरा झाला हे ठरवायचे कोणी?

प्रथम गुडघा कोठे असतो तेच पाहू. कुत्र्याच्या मागच्या पायात जो उलटा कोपरा डोळ्यांत भरतो त्यालाच पुष्कळजण गुडघा समजतात. तो घोटा. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला, केसांत लपलेला असतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड तेथे एकमेकांवर टेकतात, आणि ती निसटू नयेत म्हणून आतल्या बाजूस दोन आखूड, चिवट दोर एकमेकांना छेद देऊन गेलेले असतात. त्यांची फुली होते, म्हणून आज आपण त्यांना फुलीबंध म्हणू. पुढचा फुलीबंध नडगीला पुढे सरकू देत नाही. तो तुटला की कुत्रे पाय उचलून धरते, किंवा नुसते बोट टेकवून उभे राहते. एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली, तर ती टेबलाच्या खणासारखी सरकते. इंग्रजी वैद्यकात ह्या लक्षणाचे नावही खणावरूनच पडले आहे. हाडांचे चित्र देणाऱ्या क्ष-किरणांत हा दोर दिसत नाही. त्यामुळे बोटांनी घेतलेली ही परीक्षा कितीतरी वर्षे वैद्याचे मुख्य साधन होती.

ह्या कथेची सुरुवात मात्र माणसापासून होते. १८९५ साली इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉबसन नावाच्या शस्त्रवैद्यांकडे एक्केचाळीस वर्षांचा एक खाणकामगार आला. कोळशाच्या खाणीत झालेल्या अपघातात त्याच्या गुडघ्याचे दोन्ही फुलीबंध तुटले होते. रॉबसन यांनी गुडघा उघडला, तुटलेली टोके तातीच्या दोऱ्याने शिवली आणि रोग्याला घरी पाठवले. पुढे १९०३ साली त्यांनी ही हकीकत छापली. तिच्यातला महत्त्वाचा पुरावा असा की सहा वर्षांनंतर त्या माणसाने आपला पाय भक्कम असल्याचे स्वतः सांगितले आणि तो कामावरही जात होता. ही साक्ष ध्यानात ठेवा. तिच्यावर ती शस्त्रक्रिया उभी आहे. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी आणखी एक पाऊल टाकले. तुटलेला दोर शिवत बसण्याऐवजी त्यांनी मांडीवरच्या चिवट पडद्याची एक पट्टी काढली, हाडांना भोके पाडली, आणि त्यांतून ती ओवून नवा दोरच घातला.

कुत्र्याच्या वाट्याला हे सारे यायला वेळ लागला, आणि ह्यात नवल नाही. युरोपातील पहिली पशुवैद्यक शाळा १७६२ साली फ्रान्समध्ये लियों येथे निघाली ती घोड्यांसाठी आणि साथीने मरणाऱ्या गुरांसाठी. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही शेतीचा बैल आणि फौजेचा घोडा हेच देशाचे धन होते. घोड्याला किंमत होती, बैलाला किंमत होती. कुत्र्यावर नुसती माया होती. मायेच्या जोरावर शास्त्र उभे राहायला मोटारगाडी यावी लागली. शहरांच्या रस्त्यांवरून घोडा गेला आणि पशुवैद्याच्या दाराशी, निदान पश्चिमेकडे, कुत्रे-मांजरे आली.

कुत्र्याचा पुढचा फुलीबंध तुटतो हे शास्त्रीय नियतकालिकात प्रथम मांडले ते कार्लिन यांनी, १९२६ साली, जर्मन भाषेत. लेख अवघा चारेक पानांचा. पण रोगाला एकदा नाव मिळाले की तो सर्वत्र दिसू लागतो, असा वैद्यकाचा अनुभव आहे. हाही दिसू लागला. आज मोठ्या कुत्र्यांच्या मागच्या पायाच्या लंगडण्यामागे ह्याइतके वारंवार सापडणारे दुसरे कारण क्वचितच असेल.

उपचाराचा खरा आरंभ १९५२ सालचा. त्या वर्षी हेलसिंकीला दोन गोष्टी घडल्या. एक आपल्याला ठाऊक आहे: कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तेथे ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. दुसरी अशी की साकी पातसामा नावाच्या फिनिश पशुवैद्याने कुत्र्याच्या गुडघ्याच्या बंधांवरचा आपला प्रबंध त्याच शहरातून प्रसिद्ध केला. पातसामा यांनी हे ग्रोव्ह्ज यांचीच युक्ती कुत्र्याच्या मापाची केली. मांडीवरच्या पडद्याची पट्टी कापायची, मांडीच्या हाडातून व नडगीतून तिरपी भोके पाडून ती आत ओवायची, ताणायची आणि बाहेर टाके घालून पक्की करायची. तुटलेल्या दोराच्या जागी नवा दोर. कल्पना इतकी सरळ की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाला वाटू नये, आणि बराच काळ कोणाला वाटलीही नाही.

पुढची वीस वर्षे दोराच्या शोधात गेली. पडद्याची पट्टी सैल पडते असे दिसले, म्हणून कोणी कुत्र्याच्याच कातडीची पट्टी वापरली, कोणी स्नायूचा कंडरा, कोणी नायलॉन, कोणी टेफ्लॉन. ह्या यादीत फार रमण्याचे कारण नाही. विहिरीचा दोर काचतो म्हणून आपण सुंभाचा सोडून काथ्याचा आणि काथ्याचा सोडून नायलॉनचा घेतो, रहाटाकडे मात्र पाहत नाही, तसा हा प्रकार होता. नाही म्हणायला एक वेगळी वाट फुटली. १९७० साली अमेरिकेत डीअँजेलिस आणि लाउ यांनी सांध्याच्या आत न शिरता बाहेरूनच भक्कम टाके घालून गुडघा आवळण्याची रीत सांगितली. १९७५ साली मिशिगनच्या ग्रेचेन फ्लो यांनी तिच्यात सुधारणा केली. कुत्र्याच्या मांडीच्या हाडामागे घेवड्याच्या दाण्यासारखे एक इवलेसे हाड असते. त्याला वेढा घालून दोरा नडगीच्या पुढच्या कण्यात पाडलेल्या भोकातून न्यायचा आणि बांधायचा. ह्यासाठी पुढे पुष्कळ ठिकाणी चक्क मासे धरण्याच्या गळाचा जाड नायलॉन दोरा निर्जंतुक करून वापरला गेला, आणि तो चालला.

तो का चालला, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. हा दोरा काही महिन्यांत बहुधा सैल पडतो किंवा तुटतो. परंतु तेवढ्या अवधीत गुडघ्याभोवती शरीर स्वतःच जाड, चिवट व्रणऊती तयार करते आणि सांधा तिने आवळला जातो. शस्त्रवैद्याचा दोरा म्हणजे स्लॅब पडेपर्यंत दिलेला टेकू. पण टेकू देणाऱ्याला घर आपणच बांधले असे वाटू लागते, आणि तक्रार करायला रोगी बोलत नाही.

ही शंका १९८४ साली पुराव्यानिशी पुढे आली. कॅलिफोर्नियातील व्हॅसर यांनी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केलीच नाही अशा ८५ कुत्र्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. पंधरा किलो किंवा त्याहून कमी वजनाची २८ होती. त्यांतली २४ नुसत्या विश्रांतीने बरी झाली वा सुधारली. त्याहून जड अशी ५७ होती. त्यांतली अवघी ११ सुधारली. आपल्याकडे घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन पंधरा किलोच्या पुष्कळच खाली राहतो, आणि लॅब्रेडॉर सहज दुप्पट भरतो. म्हणजे त्याआधीच्या तीस वर्षांत लहान कुत्र्यांवर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेकांचे यश त्या केल्या नसत्या तरी पदरात पडले असते. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे, आणि त्यात एकाही नव्या हत्याराचा उल्लेख नाही. काहीही न करता काय होते हे आधी मोजा, एवढेच तो सांगतो.

मध्यंतरी ह्या गुडघ्याला आणखी एक उपयोग सापडला होता. त्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली येतो. १९७३ साली पाँड आणि न्यूकी ह्या दोघांनी असे दाखवले की धडधाकट कुत्र्याचा हा दोर मुद्दाम कापला तर त्याच्या गुडघ्याला माणसाच्या संधिवातासारखी झीज लागते. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत ह्या रीतीने कुत्र्यांचे दोर कापले गेले, आणि संधिवाताविषयी आपल्याला जे समजते त्यातला काही भाग तेथून आला. आपल्या घरातील आजी गुडघ्याला शेक देत बसते, तिच्या औषधाच्या मागे कोठेतरी हा हिशेब आहे. ह्यात एक विसंगतीही होती. प्रयोगशाळेत दोर एका क्षणात कापला जाई. घरच्या कुत्र्याचा दोर मात्र बहुधा तसा तुटत नाही.

फुटबॉल खेळणाऱ्याचा पाय मैदानात रुततो, अंग वळते, आणि एका झटक्यात दोर जातो. दोर चांगला असतो, अपघात वाईट असतो. कुत्र्याचे उलट. त्याचा दोर महिनोन् महिने आतल्या आत झिजतो, एकेक धागा सुटतो, आणि शेवटी अंगणातल्या साध्या उडीला तो तुटतो. मालक म्हणतो, काल उडी मारताना झाले. ते ‘काल’ फार पूर्वी सुरू झालेले असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉटवायलर आणि शर्यतीचा ग्रेहाउंड यांचे दोर यंत्रावर ताणून पाहिले. शरीराच्या वजनाच्या मानाने रॉटवायलरचा दोर ग्रेहाउंडच्या साधारण निम्म्या ताणाला तुटला. २००६ साली न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांत हा दोष आनुवंशिक असल्याचा पुरावा मिळाला. तपासलेल्या समूहात सुमारे २२ टक्क्यांना तो झाला होता. दोर झिजतो का, ह्याचे पुरे उत्तर आजही मिळालेले नाही. परंतु तो झिजतो हे मान्य केले, की नवा दोर ओवण्याच्या उद्योगाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ज्या जागी जन्मजात दोर टिकला नाही तेथे पट्टी का टिकावी?

हा प्रश्न अंगाला लावून घेणारा माणूस होता बार्कले स्लोकम. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावचा हा पशुवैद्य. वडील डोनाल्ड स्लोकम माणसांचे अस्थिशस्त्रवैद्य, खेळाडूंच्या गुडघ्यांसाठी प्रसिद्ध. म्हणजे गुडघा हा त्या घराण्याचा वारसाच. मुलाने मात्र माणसाच्या गुडघ्याची नक्कल करायचे थांबवले. माणूस गुडघा सरळ करून उभा राहतो. कुत्रे गुडघा वाकवूनच उभे राहते आणि वाकवूनच चालते. शिवाय कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसून मागे उतरता असतो. हा उतार साधारण २२ ते २५ अंश, माणसात त्याच्या निम्म्याहूनही कमी. १९८३ साली स्लोकम आणि त्यांच्या सहकारी डिव्हाइन यांनी दाखवले की कुत्र्याने पाय टेकला की मांडीचे हाड ह्या उतारावरून मागे घसरू पाहते आणि नडगी पुढे ढकलली जाते. म्हणजे कुत्रे नुसते उभे असले तरी दोराला ओढ बसतेच.

घाटात भरली बैलगाडी थांबवली तर गाडीवान काय करतो? दोराने बांधतो, चाकाखाली धोंडा लावतो. कुत्र्याच्या गुडघ्यात हा धोंडाही आहे: सांध्याच्या आतल्या अंगाची चंद्रकोरीसारखी कूर्चा. दोर तुटला की सारा भार तिच्यावर येतो आणि पुष्कळदा ती चिरडते; अशा कुत्र्याच्या पावलागणिक गुडघ्यातून टक्‌ असा आवाज येतो. पातसामांपासून सगळे वैद्य गाडीला नवा दोर बांधत होते. स्लोकम म्हणाले, रस्ताच सपाट करा.

१९८४ साली त्यांनी नडगीच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा काढून उतार कमी करण्याची रीत मांडली. १९९३ साली तिचे परिष्कृत रूप प्रसिद्ध झाले. नडगीचा माथा गोलाकार करवतीने कमानीसारखा कापायचा, तो कापलेला भाग उतार पाचेक अंशांवर येईपर्यंत फिरवायचा, आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून तेथेच जुळू द्यायचा. तुटलेला दोर तुटलेलाच राहतो! खण अजून सरकतो, बोटांची ती जुनी परीक्षा अजूनही दोष दाखवते. पण कुत्रे पाय टेकते, कारण चालताना आता काही घसरत नाही. चांगले हाड कापून तुटलेल्या दोराचा उपचार करायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना वेडेपणाचे वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

इतक्या मोठ्या कल्पनेला एक गालबोट लागले. स्लोकम यांनी आपल्या पद्धतीवर आणि हत्यारांवर पेटंट घेतले. ज्याला ती शस्त्रक्रिया करायची असेल त्याने त्यांच्या वर्गात जाऊन शिकायचे आणि परवाना घ्यायचा. अडाणी हातांत करवत जाऊ नये हा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. हे काम चुकले तर पाय मोडतो. तरीपण वैद्यकातली रीत अशी की युक्ती सापडली तर ती चार लोकांत उघड करावी, त्यांना ती तपासू द्यावी. कुंपणातल्या विद्येला स्तुतिपाठक मिळतात, परीक्षक उशिरा मिळतात. स्लोकम २००० साली वारले, पुढे पेटंटची मुदतही संपली, आणि मग करवती कितीतरी जणांनी बनवल्या. दरम्यान झुरिकमध्ये माँतावाँ, दामूर आणि तेपिच ह्या तिघांनी २००२ साली तिसरीच वाट सांगितली: उतार तसाच ठेवायचा आणि गुडघ्याच्या वाटीपासून उतरणारा कंडरा नडगीला जेथे चिकटतो तो कणाच पुढे सरकवायचा, म्हणजे ओढीची दिशा बदलते. तिचाही पुष्कळ प्रसार झाला.

आणि आता साक्षीचा प्रश्न. ह्या साऱ्या पद्धतींच्या कर्त्यांनी आपापली यशाची आकडेवारी दिली होती आणि ती सर्वांचीच उत्तम होती. मालकाला विचारले, त्याने समाधानाने मान हलवली. वैद्याने स्वतः कुत्र्याला चालवून पाहिले, त्यालाही बरे दिसले. पुढे जमिनीत बसवलेली एक पट्टी आली. तिच्यावरून कुत्रे चालत गेले की प्रत्येक पाय किती भार टाकतो हे ती अंकांत सांगते. मुक्या प्राण्याच्या तोंडून काढलेली ही पहिली साक्ष. २००५ साली अमेरिकेत कॉन्झेमियस आणि सहकाऱ्यांनी १३१ लॅब्रेडॉर कुत्र्यांना ह्या पट्टीवर चालवले. त्यांत आत दोर ओवलेली, बाहेर दोरा बांधलेली आणि हाड फिरवलेली अशी तिन्ही प्रकारची होती. आत दोर ओवलेली कुत्री मागे पडली. म्हणजे पातसामांच्या घराण्यातली रीत हरली. उरलेल्या दोहोंत त्या वेळी फरक दिसला नाही. आणि तिन्ही गटांत मिळून ज्यांचा पाय निरोगी कुत्र्याच्या पायासारखा काम करू लागला अशी कुत्री दर सहात एकही भरली नाहीत. त्या सुमारास अमेरिकेतील कुत्र्यांचे मालक ह्या एका दुखण्यावर वर्षाला काय खर्च करत होते? २००३ सालचा अंदाज १३२ कोटी डॉलरचा आहे.

त्याहून मनाला लागणारी गोष्ट २०१२ साली बाहेर आली. संधिवाताने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, आणि पट्टीच्या मते त्यांच्या पायांत काहीच फरक पडला नव्हता. तरी निम्म्याहून अधिक वेळा मालकांनी कुत्रे सुधारल्याचे सांगितले. वैद्यांचे? तेही चाळीस-पंचेचाळीस टक्के वेळा फसले. माणसाला खोटी गोळी दिली तर निदान त्याचे स्वतःचे दुखणे हलके झाल्यासारखे वाटते. येथे गोळी कुत्र्याच्या पोटात आणि बरे वाटते मालकाला! ही लबाडी नव्हे. ज्याच्यावर माया आहे तो बरा व्हावा ही इच्छाच डोळ्यांपुढे येऊन उभी राहते. पण तिने लंगडणाऱ्या पायाचा भार कमी होत नाही, आणि ज्याला दुखते तो काही बोलत नाही.

म्हणून २०१३ सालच्या परीक्षेचे मोल अधिक. गॉर्डन-एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ८० कुत्री घेतली. कोणाला बाहेरचा दोरा आणि कोणाची नडगी फिरवायची हे मालकाने वा वैद्याने न ठरवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगावर सोपवले आणि वर्षभर सर्वांना पट्टीवर चालवले. नडगी फिरवलेली कुत्री त्या पायावर ५ ते ११ टक्के अधिक भार टाकत होती. मालकांना विचारले तेव्हा नडगीच्या गटात ९३ टक्क्यांनी दहापैकी नऊ किंवा अधिक गुण दिले, दोऱ्याच्या गटात ७५ टक्क्यांनी. ह्या खेपेला मालक आणि पट्टी यांचे एकमत झाले. स्लोकम यांना जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

मोठ्या कुत्र्यासाठी हाड फिरवावे, हा कौल आज बहुतेक शस्त्रवैद्य मानतात. लहानाबद्दल अजून वाद आहे, आणि व्हॅसर यांच्या त्या ८५ कुत्र्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिले जाते. परंतु ज्या कुत्र्याचा एक गुडघा असा दुरुस्त झाला, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा दुसऱ्या पायाचा दोरही पुढे वर्षा-दोन वर्षांत जातो. मालक त्याला घेऊन परत येतो, वैद्य एका हाताने मांडी धरतो, दुसऱ्याने नडगी, आणि खण सरकतो का ते पाहतो.